जागा सरकारची, जखम मुलाची : भरपाईच्या प्रश्नाचा आढावा

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात कुठल्याही गावात शाळा सुटल्यावर मूल घराकडे निघाले की अर्ध्या तासात ते चार-पाच मालकांच्या जागेतून जाते. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची. शाळेसमोरचा सिमेंटचा रस्ता आणि गटार ग्रामपंचायतीचे. पुढे लागणारा डांबरी रस्ता जिल्हा परिषदेचा तरी असतो, नाहीतर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. रस्त्याकडेचा खांब आणि त्याची ताणतार महावितरणची. उरमोडी किंवा जिहे-कठापूर योजनेचा कालवा आडवा आला तर तो कृष्णा खोरे विकास महामंडळाचा. मुलाला यातले काही ठाऊक नसते आणि त्याच्या आईबापालाही बहुधा नसते. मूल पडले, भाजले, हातपाय गमावून बसले की मग हे मालक एकेक करून कळू लागतात, आणि जो तो जागा दुसऱ्याची असल्याचे सांगतो.

सार्वजनिक जागेत मुलाला अपघात झाला तर सरकारने भरपाई द्यावी का, कोणत्या आधारावर, किती आणि कोणी, हा प्रश्न कायद्यात दीडशे वर्षांहून जुना आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात त्याला नवी धार आली. 28 ऑगस्ट 2017 रोजी नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी गेले. मे 2022 मध्ये माणमधील विरळी येथे सहा वर्षांचा मुलगा बोअरवेलमध्ये पडला. तो जिवंत हाती लागला नाही. मार्च 2024 मध्ये मुंबईत वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात पाण्याच्या उघड्या टाकीत पडून चार आणि पाच वर्षांचे दोन भाऊ मृत्युमुखी पडले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या बातम्या मृत्यूच्या आहेत. जखमी होऊन जगलेल्या मुलांच्या बातम्या एका दिवसात संपतात, खर्च मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षे चालू राहतो. म्हणून या आढाव्यात मृत्यूच्या निकालांचा आधार घेतला असला, तरी लक्ष जखमी मुलाकडे ठेवले आहे.

घोड्यापासून सुरुवात

सरकारने आपल्या नोकरांच्या चुकीची भरपाई द्यावी की नाही, याचा भारतातला पाया एका जखमी घोड्याच्या खटल्याने घातला. कलकत्त्याच्या किद्दरपूर गोदीत सरकारी मजूर आगबोटीचा लोखंडी भाग वाहून नेत होते. तो खाली आदळला, आवाजाने बग्गीचा घोडा बुजला आणि जायबंदी झाला. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीने 350 रुपयांचा दावा लावला. 1861 मध्ये सर बार्न्स पीकॉक यांनी निकाल देताना एक रेघ ओढली : सरकार जे काम एखाद्या खासगी व्यापाऱ्यासारखे करते त्याची भरपाई मागता येईल, जे काम फक्त सरकारच करू शकते त्याची मागता येणार नाही. पहिले असार्वभौम कार्य, दुसरे सार्वभौम. घोड्याच्या मालकाला पैसे मिळाले. राज्यघटनेच्या कलम 300 ने हीच जुनी स्थिती पुढे चालू ठेवली आणि संसदेने वेगळा कायदा करावा अशी वाट मोकळी ठेवली.

तो कायदा झाला नाही. विधी आयोगाने 1956 मध्ये आपल्या पहिल्याच अहवालात तशी शिफारस केली होती. साठच्या दशकात विधेयकेही आली, पण ती बारगळली. दरम्यान न्यायालये दोन दिशांना गेली. 1962 मध्ये राजस्थानातील विद्यावती खटल्यात सरकारी जीपखाली सापडलेल्या पादचाऱ्याच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली. दोनच वर्षांनी, कस्तुरीलाल खटल्यात, पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदाराने पळवले तरी सरकार जबाबदार नाही असे ठरले, कारण जप्ती हे सार्वभौम काम. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर जन्माने सातारचे. कायद्याची ही अवस्था समाधानकारक नाही आणि विधिमंडळांनी त्यात लक्ष घालावे, हेही त्यांनी त्याच निकालात नोंदवले. निकाल आणि निकालावरची नाराजी एकाच लेखणीतून यावी, असे फार वेळा घडत नाही.

शाळेची भिंत, गावचे गटार, उद्यानातली टाकी यांच्या बाबतीत सार्वभौमत्वाची ढाल आज कोणी फारशी पुढे करत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या नागेंद्र राव निकालानंतर ती बरीच पातळ झाली. वाद आता दुसऱ्या मुद्द्यांवर आहे.

चूक सिद्ध कोणी करायची

पहिली भूमिका जुनी आणि सरळ आहे : ज्याने भरपाई मागितली त्याने समोरच्याची हयगय सिद्ध करावी. सार्वजनिक संस्थांचे वकील ही बाजू मांडतात आणि तिच्यामागे तर्क आहे. एका जिल्हा परिषदेकडे हजारो वर्गखोल्या, नगरपालिकेकडे शेकडो झाडे. प्रत्येक फांदीवर डोळा ठेवणे शक्य नाही. राजकोट महापालिकेच्या खटल्यात रस्त्याकडेचे झाड अचानक कोसळून एक पादचारी दगावला. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये महापालिकेला जबाबदार धरले नाही. संस्थेवर कायद्याने कर्तव्य आहे म्हणून प्रत्येक अपघाताची नुकसानभरपाई तिच्यावर आपोआप येत नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

दुसरी भूमिका अशी की काही गोष्टी आपल्या आपण घडतच नाहीत. चांदणी चौकातले घंटाघर कोसळून माणसे मेली, तेव्हा 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इमारत पडली हाच हयगयीचा पुरावा; नाही म्हणायचे असेल तर ते दिल्ली महापालिकेने सिद्ध करावे. ती इमारत 80 वर्षांची होती आणि तिच्या चुन्याचे आयुष्य 40-45 वर्षांचे होते. आपल्याकडच्या जुन्या शाळाखोल्यांना हा निकाल थेट लागू पडतो. धोकादायक खोली पाडण्यासाठी आधी तिचे ‘निर्लेखन’ व्हावे लागते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पंचायत समिती, बांधकाम उपविभागाची पाहणी, जिल्हा परिषदेची मंजुरी, असा प्रवास असतो. खोलीला कुलूप घालतात, पण पोरे व्हरांड्यात खेळतातच. एरवी कंटाळवाणा वाटणारा तो प्रस्तावाचा कागद अपघातानंतर फार मोलाचा ठरतो, कारण धोका कार्यालयाला आधीपासून माहीत होता हे त्याच्यावरच्या आवक क्रमांकाने आणि तारखेने दिसते.

तिसरी भूमिका विजेच्या बाबतीत पक्की झाली आहे. जबलपूरमध्ये रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार दगावला. तार कोणीतरी चोरीच्या जोडणीसाठी ओढली होती, असा वीज मंडळाचा बचाव होता. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : वीज हीच मुळात धोक्याची वस्तू, ती पुरवणाऱ्याने चूक नसली तरी भरपाई द्यायची. म्हणजे कठोर दायित्व. पुढे हरियाणात चार-पाच वर्षांच्या मुलाला घराच्या छतावर आलेल्या उघड्या तारेचा धक्का बसला आणि त्याचे दोन्ही हात व एक पाय कापावा लागला. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी 60 लाख रुपये दिले, खंडपीठाने ते कमी केले, आणि डिसेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकल न्यायाधीशांच्या बाजूने कौल दिला. जखमी मुलाच्या भरपाईचा विचार करताना हा निकाल वगळून चालत नाही.

तारेला कठोर दायित्व लागते आणि कालव्याला, शेततळ्याला, उघड्या टाकीला लागत नाही, ही रेघ कितपत टिकेल, याविषयी कायद्याच्या अभ्यासकांत एकमत नाही. माणसारख्या दुष्काळी पट्ट्यात पाणी नवे आले आहे. उरमोडी, जिहे-कठापूर, पलीकडे आटपाडीत टेंभू. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरडे ओढे पाहिले, तिथल्या मुलांना तिरप्या, निसरड्या काठाच्या वाहत्या कालव्याची सवय नाही. पाणी आणणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी इथे नेहमीपेक्षा जास्त धरावी, असे मला वाटते. न्यायालयांनी मात्र हे अजून इतक्या स्पष्टपणे म्हटलेले नाही.

दावा की रिट

भरपाई मागायला कुठे जायचे, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न गरीब कुटुंबाचे नशीब ठरवतो. दिवाणी दावा लावायचा तर सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांच्या कायद्यांत नोटिशीच्या आणि मुदतीच्या वेगळ्या अटी आहेत. मग साक्षीपुरावे, उलटतपासणी, अपिले. मूल अज्ञान असल्याने आई किंवा बाप अज्ञान पालनकर्ता (अ.पा.क.) म्हणून उभे राहतात, आणि निकाल लागेपर्यंत तेच मूल कधी कधी सज्ञान झालेले असते.

म्हणून 1983 च्या रुदुल शाह आणि 1993 च्या नीलावती बेहरा निकालांनंतर दुसरी वाट रुळली. जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर उच्च न्यायालय रिट याचिकेतच भरपाई देऊ शकते. ते दोन्ही खटले तुरुंग आणि कोठडीचे होते. अपघातालाही हीच वाट खुली आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन्ही बाजूंना झुकलेले दिसतात. 1999 मध्ये ओरिसातील विजेच्या अपघातांत न्यायालयाने सांगितले की वस्तुस्थितीवर वाद असेल तर दिवाणी न्यायालयातच जा. मात्र त्याआधी, 1992 मध्ये, मद्रासमधल्या एका आईच्या प्रकरणात वेगळे घडले होते. तिचा सहा वर्षांचा मुलगा मैल्याच्या उघड्या टाकीत पडून मेला. टाकी कोणाची यावर वाद असल्याने उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू सरकारला 50,000 रुपये आणि 1 जानेवारी 1990 पासून 12 टक्के व्याज द्यायला सांगितले, आणि टाकी ज्याची असेल त्याच्याकडून सरकारने ते वसूल करून घ्यावे अशी मुभा ठेवली.

हा निकाल छोटा आहे, त्यात मोठे तत्त्वचिंतन नाही. पण आधी आईला पैसे, हद्दीचा वाद नंतर आपसात, हा त्यातला क्रम माणच्या त्या चार-पाच मालकांच्या रस्त्याला जितका लागू पडतो तितके दुसरे काही लागू पडत नाही. तीस वर्षांत तो क्रम नियम का बनला नाही, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळाले नाही.

सानुग्रह अनुदानाची दुसरी दुनिया

न्यायालयांच्या समांतर सरकारने स्वतःच्या योजना उभ्या केल्या. त्यांचे नावच ‘सानुग्रह’. म्हणजे हक्क म्हणून नाही, कृपा म्हणून. गावात मात्र बहुतेकांना न्यायालयापेक्षा हीच वाट माहीत असते, आणि व्यवहारात तीच जास्त वापरली जाते.

शाळकरी मुलांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांना ती लागू आहे. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत चाले, पुढे सरकारने थेट अनुदान द्यायला सुरुवात केली आणि जून 2022 मध्ये रकमा वाढवल्या. अपघाती मृत्यू झाल्यास दीड लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास एक लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास 75,000, शस्त्रक्रियेसाठी प्रत्यक्ष खर्च पण जास्तीत जास्त एक लाख. चूक कोणाची हे विचारले जात नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. शेतकरी कुटुंबांसाठी 2023 पासून गोपीनाथ मुंडे योजना सानुग्रह स्वरूपात आली : मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक अवयव गेल्यास एक लाख, वय 10 ते 75.

दोन्ही योजनांच्या वयाच्या अटी शेजारी ठेवून पाहिल्या की मधले भगदाड दिसते. एक पहिलीपासून सुरू होते, दुसरी दहा वर्षांपासून. अंगणवाडीत जाणारे तीन-चार वर्षांचे मूल दोन्हींत बसत नाही. उघड्या टाकीत, गटारात, बोअरमध्ये पडण्याचा धोका ज्या वयात सर्वांत जास्त, तेच वय बाहेर राहिले आहे. यामागे कोणाचा वाईट हेतू असेल असे नाही. एक योजना शिक्षण विभागाने आपल्या पटावरच्या मुलांसाठी केली, दुसरी कृषी विभागाने आपल्या सातबाऱ्यासाठी. पटावर आणि सातबाऱ्यावर नसलेल्या मुलाचा विचार करणारा विभाग तिथे नव्हता.

प्रकरण कसे पुढे सरकते तेही पाहण्यासारखे आहे. पालकांचा अर्ज मुख्याध्यापकांकडे, तिथून गटशिक्षणाधिकारी, तिथून जिल्हा. सोबत पोलिसांचा जबाब आणि पंचनामा, दवाखान्याची बिले, शाळेचा दाखला आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र घ्यायला दहिवडी-म्हसवडच्या माणसाला साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. वाढत्या वयाच्या मुलाचे हाड, सांधा, नस अजून बदलणार असते, त्यामुळे डॉक्टर अनेकदा तात्पुरते प्रमाणपत्र देऊन पुन्हा तपासणीची तारीख टाकतात. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. योजनेला मात्र ‘कायमचे’ हा शब्द हवा असतो. अशी प्रकरणे त्रुटीत पडतात आणि वर्ष बदलते.

रकमांची तुलना केली तर आणखी कोडी पडतात. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर महाराष्ट्रात मदत 25 लाखांपर्यंत पोहोचली आहे, कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख. माणच्या माळावर लांडगा आहे म्हणून हे इथल्या मेंढपाळांना नवे नाही. रस्त्यावर वाहनाने उडवले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. रेल्वेतील अपघाताला 2017 पासून आठ लाखांपर्यंत भरपाई आहे, तीही चूक न विचारता; माणमध्ये रेल्वेच नाही हा भाग वेगळा. आणि रस्त्याकडेला बांधकाम विभागाने खोदून उघड्या ठेवलेल्या चरीत पडून मुलाची मांडी मोडली तर? विद्यार्थी असेल तर 75,000 किंवा शस्त्रक्रियेचा खर्च, नसेल तर काही नाही. इतका फरक का, याला तर्कशुद्ध उत्तर नाही. प्रत्येक रकमेमागे वेगळा विभाग, वेगळे आंदोलन, वेगळी बातमी आहे.

मुलाची किंमत कशी काढायची

न्यायालयात भरपाईचे गणित कमाईवर चालते, आणि मूल कमवत नाही. ही अडचण न्यायालयांनी निरनिराळ्या तऱ्हांनी सोडवली. 1989 मध्ये जमशेदपूरला टाटांच्या कार्यक्रमात आग लागून अनेक मुले गेली. भरपाई ठरवायचे काम निवृत्त सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे आले, आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांसाठीच्या रकमा अपुऱ्या ठरवून वाढवल्या. 2013 च्या एका निकालात राजस्थानातील शेतकरी कुटुंबातला दहा वर्षांचा मुलगा वाहन अपघातात गेला होता. तो पुढे शेतीत आईबापाचा हात बनला असता हे न्यायालयाने हिशेबात धरले. जनावरे राखणारी, पाणी शेंदणारी मुले असलेल्या भागात ही गोष्ट महत्त्वाची आहे.

जखमी मुलांसाठी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एक ढोबळ कोष्टक दिले : अपंगत्व दहा टक्क्यांपर्यंत असेल तर एक लाख, तीस टक्क्यांपर्यंत तीन, साठपर्यंत चार, नव्वदपर्यंत पाच आणि त्यापुढे सहा लाख. कोष्टकाने प्रकरणे लवकर निकाली निघतात. पण नव्वद टक्क्यांहून जास्त अपंग मुलाला आयुष्यभरासाठी सहा लाख म्हणजे काय, हे ज्याने घरी असे मूल सांभाळले त्याला विचारावे. 2020 मध्ये हरियाणातील मुलीच्या प्रकरणात न्यायालय वेगळ्या वाटेने गेले. अपघाताच्या वेळी ती बारा वर्षांची होती, अपंगत्व शंभर टक्के. न्यायालयाने कुशल कामगाराचे किमान वेतन तिची संभाव्य कमाई म्हणून धरले, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्चही आयुष्यभरासाठी मोजला, आणि रक्कम 62 लाखांवर गेली.

जमशेदपूरची आग सोडली तर हे सगळे वाहन अपघातांचे निकाल आहेत. शाळेच्या भिंतीखाली किंवा उघड्या टाकीत जखमी झालेल्या मुलाला तीच मोजपट्टी लावावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींचा आक्षेप मात्र रास्त आहे : वाहनाच्या भरपाईमागे विमा असतो. ग्रामपंचायतीमागे काय असते? माणमधल्या एखाद्या छोट्या ग्रामपंचायतीला 60 लाख भरायला सांगितले तर पाणीपुरवठ्याचे बिल भरायलाही पैसे उरणार नाहीत. वडाळ्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न मुंबई महापालिकेसमोर उलट बाजूने ठेवला होता : किमान सुरक्षेची साधने न ठेवण्याला पैसे नाहीत हे उत्तर कधी चालू शकते का? मुंबईला जे विचारता येते ते कुळकजाई किंवा विरळीच्या ग्रामपंचायतीला त्याच शब्दांत विचारता येईल का, हे अजून ठरायचे आहे.

पोरगं तिथे गेलंच कशाला?

अपघातानंतर पारावर पहिला प्रश्न हाच निघतो, आणि सरकारी जबाबातही तो वेगळ्या शब्दांत येतो. ब्रिटनच्या न्यायालयांनी यावर भरपूर डोके लढवले आहे. ग्लासगोच्या सार्वजनिक बागेत सात वर्षांच्या मुलाने विषारी फळे खाल्ली आणि तो मेला. 1922 मध्ये न्यायालयाने पालिका जबाबदार ठरू शकते असे म्हटले, कारण मुलाला भुलवणारी वस्तू तिने पुरेशा बंदोबस्ताशिवाय ठेवली होती. 1955 मध्ये मात्र मोकळ्या मैदानातल्या चरीत पाच वर्षांचा मुलगा पडला तेव्हा न्यायालयाने पालिकेला सोडले : इतक्या लहान मुलांना तिथे एकटे पाठवणे शहाण्या पालकाचे काम नव्हे, असे म्हटले. दोनच वर्षांनी झालेल्या कायद्याने मुले मोठ्यांपेक्षा कमी जपून वागतात हे जागेच्या मालकाने गृहीत धरावे असे लिहूनच ठेवले.

आपल्याकडे पालकांची चूक मुलावर लादू नये हा दृष्टिकोन मान्य आहे. तरीही 1955 च्या निकालातला विचार आपल्या गावाला कितपत बसतो हे पाहायला हवे. ज्या घरातली आई रोजगाराला आणि बाप ऊसतोडीला गेला आहे, तिथे आठ वर्षांची बहीण चार वर्षांच्या भावाला सांभाळते. ही हयगय म्हणायची की जगण्याची रीत? सार्वजनिक जागा बांधणाऱ्याने ही रीत गृहीत धरूनच झाकण बसवायला हवे, इतके तरी मान्य व्हायला हरकत नाही.

बोअरवेलच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असे गृहीत धरून नियम घालून दिले. खोदण्याआधी पंधरा दिवस कळवणे, भोवती काटेरी कुंपण, सिमेंटचा ओटा, तोंडावर लोखंडी झाकण, सोडून दिलेली बोअर तळापासून भरून घेणे, आणि गावात याची पडताळणी सरपंच व कृषी खात्याने करणे. नियम प्रतिबंधाचे आहेत. ते पाळले नाहीत म्हणून कोणाला किती भरपाई, हे त्यांत नाही. शिवाय बोअर बहुतेकदा खासगी रानात असते, त्यामुळे सरकारची जबाबदारी देखरेखीपुरती की त्याहून जास्त, हा वाद उरतो. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाच्या आगीच्या 2011 च्या निकालात परवाना देणाऱ्या यंत्रणेला आणि महापालिकेला सर्वोच्च न्यायालयाने भरपाईतून वगळले होते. तो निकाल देखरेख करणाऱ्या यंत्रणांच्या बाजूने आजही पुढे केला जातो.

चूक विचारूच नये का?

न्यूझीलंडने 1974 मध्ये हा सगळा वादच मोडीत काढला. अपघात कुठेही, कोणाच्याही चुकीने होवो, सरकारी निधीतून उपचार, पुनर्वसन आणि उत्पन्नाचा भाग मिळतो. बदल्यात दुखापतीच्या भरपाईचा दावा लावण्याचा हक्क संपला. समर्थक म्हणतात की वकिलावर जाणारा पैसा जखमी माणसावर जातो. विरोधक म्हणतात की चूक करणाऱ्याला झळ बसत नाही, मग तो सुधारेल कशाला? भारतात रेल्वे आणि मोटार अपघातांच्या कायद्यांनी या दिशेने अर्धे पाऊल टाकले आहे. सार्वजनिक जागेतल्या मुलांपुरती अशी योजना करणे खर्चाने अशक्य नाही, असे मला वाटते. तिचे पैसे कोणी भरायचे यावर अजून कोणी गंभीर आकडेमोड मांडलेली दिसत नाही.

ऑक्टोबर 2025 नंतर

मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांविषयीची स्वतःहून दाखल करून घेतलेली याचिका 2013 पासून चालू होती. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने 2015 मध्येच म्हटले होते. 13 ऑक्टोबर 2025 रोजी न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांनी आकडेच ठरवून दिले : खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे 50,000 ते अडीच लाख. आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्यासोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, अशी समिती. माहिती मिळताच सात दिवसांत बैठक, सहा ते आठ आठवड्यांत पैसे, उशीर झाल्यास नऊ टक्के व्याज. नंतर ही रक्कम दोषी अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची. इतर कायदेशीर उपाय मोकळेच राहतात.

1992 च्या मद्रास निकालातला क्रम इथे यंत्रणेच्या रूपात उतरला, म्हणून हा आदेश मला गेल्या तीन दशकांतला सर्वांत उपयोगी वाटतो. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो रस्ते आणि मॅनहोलपुरता आहे. शाळाखोली, कालवा, टाकी, खेळाची घसरगुंडी त्यात नाही. समित्यांची घडण महापालिका, नगरपालिका, बांधकाम विभाग आणि मोठी महामंडळे डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. म्हणजे म्हसवड आणि दहिवडी शहरांच्या हद्दीत आणि सातारा-पंढरपूर महामार्गावर तिचा उपयोग दिसतो. गावच्या गटारात पडलेल्या मुलासाठी दार कुठले, याचे उत्तर सरळ मिळत नाही. आणि पाय कायमचा गेलेल्या मुलाला अडीच लाखांची कमाल मर्यादा ही सुरुवात म्हणावी की शेवट, हे समित्यांच्या कामावरून कळेल.

एक गोष्ट माणच्या माणसासाठी बदलली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते आणि सातारा व सांगली जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. मुंबईचा खर्च आणि मुक्काम टळला, तर रिट याचिकेची वाट पूर्वीइतकी दूरची राहणार नाही.

तोवर ज्यांच्या घरात अशी वेळ येईल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जागा दुरुस्त होण्याआधी तिचे फोटो काढून ठेवा, कारण अपघातानंतर झाकण फार लवकर बसते. पंचनाम्यात जागा कोणाच्या ताब्यात आहे हे लिहून घ्या. दवाखान्याचा प्रत्येक कागद आणि प्रत्येक अर्जाची पोच जपा. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या दुखापतीच्या दाव्याची मुदत ते अठरा वर्षांचे झाल्यावर मोजली जाते. मूल दगावले असेल तर आईबापाचा दावा मात्र दोन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि नोटिशीच्या मुदती त्याहून कमी असतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज दहिवडीच्या न्यायालयात, तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो.